प्लॅस्टर निघाल्यानंतर

हाड मोडलें तर तें बसवून घ्यावें, दीड महिना प्लॅस्टरांत ठेवावें, आणि प्लॅस्टर निघालें कीं दुखणें संपलें, अशी आपल्याकडे घरोघरीं समजूत असते. आमचीही होती. त्या समजुतीपायीं आमच्या हातून जी चूक घडली, ती वाचकांपुढें मांडण्याचें आज योजिलें आहे.

आमचें बिऱ्हाड बदलापूर पश्चिमेस, हेंद्रेपाड्यांत. गेल्या श्रावणांत आमच्या थोरल्या काकू ओल्या पायरीवरून घसरल्या. पडतांना त्यांनीं उजवा हात टेकला व मनगटाचें हाड मोडलें. उतारवयांत हाडें विरळ होत असल्यामुळें, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत, हा अपघात नेहमींचाच आहे. हाड बसवून सहा आठवडे प्लॅस्टर ठेवलें. त्या काळांत घरांतील प्रत्येकानें काकूंची सेवा केली. एका सुनेनें वेणी घालावी, दुसरीनें घास भरवावा, नातवंडांनीं पाण्याचें भांडें तोंडाशीं धरावें. बोटें व खांदा हालवीत राहा, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. पण काकू जरा कण्हल्या कीं आमचेंच मन द्रवे, आणि आम्हीं म्हणावें, 'राहूं द्या काकू, उद्यां पाहूं.'

प्लॅस्टर निघालें तेव्हां हाड उत्तम जुळलेलें होतें. हात मात्र लांकडासारखा झाला होता. मूठ मिटेना, मनगट वळेना. दुसऱ्या दिवशीं पूजेनंतर काकूंनीं तीर्थासाठीं हात पुढें केला, तों तळहात उताणाच होईना. तीर्थ ओघळून जमिनीवर सांडलें. काकू कांहीं बोलल्या नाहींत. उठून आंत गेल्या.

यामागील कारण साधें आहे. काम नसलें कीं स्नायु क्षीण होतात, सांध्याभोंवतालचें आवरण आखडतें आणि बोटांतली सूज तेथेंच साचून राहते. हाड जुळण्यास स्थिरता लागते, सांधा राखण्यास हालचाल. आम्हीं पहिली गोष्ट कसोशीनें पाळली व दुसरी मायेपोटीं बुडविली.

पुढें जवळच्या दवाखान्यांत फिजिओथेरपी शिकलेल्या एका मुलीकडे आम्ही काकूंना नेऊं लागलों. तिचें साहित्य आमच्या स्वयंपाकघरांतलेंच होतें. कोमट पाण्यांत हात ठेवून मूठ उघडमीट करावयाची. कोपर अंगाशीं धरून मुठींत लाटणें घ्यावयाचें व हात उताणा-पालथा करावयाचा. कांहीं आठवड्यांनीं ओला पंचा पिळावयाचा, मग कणीक तिंबावयाची. प्रत्येक प्रकार दहा वेळां, दिवसांतून तीनदां. व्यायामानंतरचें दुखणें थोड्या वेळांत शमलें तर माप योग्य; रात्रभर ठणकलें किंवा सूज वाढली तर माप उतरवावयाचें. औषधाला जसें प्रमाण, तसेंच याला. म्हणूनच हाड जुळण्यापूर्वीं आपल्या मतानें हात ओढणें किंवा कोणाकडून तरी चोळून घेणें धोक्याचें होय.

हें शास्त्र आपल्याकडे रुजलें त्यालाही लहान मुलांचें एक मोठें दुःख कारण झालें. १९५० नंतर थोड्याच वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विषयाची भारतांतील पहिली शाळा निघाली. पोलिओनें अधू झालेल्या मुलांची गरज तिच्या मुळाशीं होती. १९५५ सालीं हाजी अली येथें अशाच उपचारांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. मूल रडत असतांही त्याच्याकडून रोज व्यायाम करवून घेणाऱ्या आयांना किती मन घट्ट करावें लागलें असेल, तें काकूंच्या निमित्तानें आम्हांस थोडेंसें कळलें.

कारण आमच्या घरींही तेंच घडलें. धाकटी सून घड्याळ लावून समोर बसे. काकूंच्या डोळ्यांत पाणी येई. 'तुला दयामाया नाहीं,' असेंही त्या एकदां बोलून गेल्या. ती उठली नाहीं. तीन महिन्यांनीं काकूंनीं स्वतःची वेणी स्वतः घातली. मनगट अजून पूर्वींइतकें वळत नाहीं, पण तीर्थ आतां सांडत नाहीं.

एकत्र कुटुंबांत सेवेला माणसें पुष्कळ असतात, हें आपलें भाग्य. परंतु दुखणाइताच्या हातचें सगळेंच काम काढून घेणें म्हणजे सेवा नव्हे. डॉक्टरांनीं परवानगी दिली कीं पाण्याचें भांडें त्याच्या तोंडाशीं धरूं नये; हाताच्या अंतरावर ठेवावें आणि जवळ बसून राहावें.