थोरल्या आबांचं देणं

कांजूरमार्गला आमचं बस्तान बसलं ते वडिलांच्या नोकरीमुळे. अण्णा नौदलाच्या गोदीत फिटर होते. पण ‘तुम्ही मुंबईत कसे स्थिरावलात?’ असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : ‘दादानं बसवलं.’ दादा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, आमचे थोरले आबा. आबांनी कांजूर गावातली आमची चाळीतली खोली बघितली ती पार नंतर. तरीही अण्णांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

आमचं गाव सातारा तालुक्यातलं अपशिंगे. सरकारदरबारी ते ‘अपशिंगे मिलिटरी’. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले आणि इंग्रज सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभारला. तेव्हापासून घरटी एक तरी माणूस फौजेत हा रिवाज झाला. अशा गावात पोरगा भरतीला गेला तर कुणी नवल करत नाही. गेला नाही, तर मात्र लोक विचारतात.

आमच्या घरातून दोघे गेले. आजोबा लवकर वारले. आबा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झाले आणि पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, गेले. मधले बापू खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये. तिसरे अण्णा. उंची, छाती, धावणं, कशातच कमी नव्हते. पण त्यांची वेळ आली तेव्हा आबा रजेवर घरी होते. त्यांनी आजीसमोर सांगितलं, ‘दोन दिलं, बास झालं. ह्यो शिकंल.’ अण्णा रडले, रुसले, दोन दिवस जेवले नाहीत. आबांनी ऐकलं नाही. अण्णांना मॅट्रिक करवलं आणि मग मुंबईच्या गोदीतल्या अप्रेंटिस शाळेत घातलं.

शिकाऊ पोराच्या तुटपुंज्या भत्त्यात मुंबईचा खर्च भागणार कसा? अण्णा लालबागला गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचे, खानावळीत जेवायचे. खानावळीचे पैसे यायचे आबांच्या मनीऑर्डरीतून. आबा पैसे गावी पाठवत, तिथून थोरली आई, म्हणजे आबांची बायको, त्यातला वाटा अण्णांना लावून देई. तिच्या पदरी तेव्हा दोन पोरं होती आणि घरचं कोरडवाहू रान तीच कसत होती.

त्या मनीऑर्डरींची कुपनं आजीनं टाकली नाहीत. माजघरात खुंटीला एक तार होती, तिला टोचून ठेवली. मी ती हातात घेऊन बघितली आहेत. जाडसर कागद, मधोमध तारेचं भोक, कडेला गंजाचा डाग. खाली मजकुराला चार बोटांची जागा. एवढ्याशा जागेत आबा पेन्सिलीनं लिहीत : ‘पैकी वीस धाकट्यास. बैलाला पेंड घालणे. मी खुशाल.’ दुसऱ्या एकावर : ‘धाकट्यास नवा शर्ट.’ स्वतःबद्दल कधी ‘खुशाल’च्या पुढे मजकूर नाही. आजीला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत. पत्त्यात ‘९९ एपीओ’ असलं तर पोरगं पूर्वेला, ‘५६ एपीओ’ असलं तर बहुतेक पंजाब-काश्मीरकडे, एवढं तिला पोस्टमननं सांगून ठेवलं होतं. १९७१ साली तिच्या तारेवर दोन्ही आकडे होते. ९९ आबांचा, ५६ बापूंचा.

युद्धाचा तो डिसेंबर मला तुटक आठवतो. खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद, दिव्यावर कागदाची टोपी, रात्री मिठागरांच्या बाजूला मिट्ट अंधार. अण्णा घरी येत ते कपडे बदलण्यापुरते. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला, तो दिवस आता नौदल दिन म्हणून साजरा होतो. आरमाराची गलबतं दुरुस्त करून पुन्हा समुद्रात धाडायची ती गोदीतल्या कामगारांनी, पाळीवर पाळी करून. आई म्हणायची, त्या दिवसांत अण्णांना घरी झोप लागायची नाही. कामाच्या दगदगीनं नव्हे. दोघे तिकडं आणि आपण लोकलनं घरी येतो, हे त्यांना सोसत नव्हतं.

आबांची जंगी पलटण तेव्हा पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून ती शहराच्या पाठीमागे जाऊन बसली आणि ढाक्याची वाट अडवली. आतमध्ये पाकिस्तानची ३१ बलुच. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्यासाठी चिठ्ठी धाडली, तर बलुचांच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री बलुचांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला आणि ते मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळले. सकाळी जमालपूर पडलं. पुढे टांगाईलच्या वाटेवर पलटणीची गाठ छत्रीधारी सैनिकांशी पडली. ती दुसरी पॅरा म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा, तेव्हा तेही भाऊबंदच.

हे सगळं मी पुढे वाचून जाणलं. आबांकडून नव्हे. लढाईनंतरच्या रजेत ते आमच्या खोलीवर आले, तेव्हा अण्णा त्यांच्यापुढे अपराध्यासारखे बसले होते. आबांनी चहा घेतला आणि विचारलं, ‘बोटीच्या पोटात शिरून काम करताना गुदमरत न्हाय का रं?’ मग बॉयलर, झडपा, गळती, पाळ्या यांवर तासभर खोदून खोदून प्रश्न. जमालपूरचं नावही नाही. अण्णांच्या कामाला त्यांनी आपल्या कामाशेजारी बसवलं आणि उठले. बापू त्या वेळी आले नाहीत. लढाई संपली तरी पेरलेले सुरुंग काढायचे राहतात, आणि ते काम सॅपर्सचं.

अण्णांनी फेड सुरू केली ती त्यांच्या परीनं. आबांचा थोरला मुलगा आमच्याकडे राहून मुलुंडच्या आयटीआयला शिकला. बापूंची मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली. पुढे नौदलाच्या कर्मचारी वसाहतीत क्वार्टर मिळालं, तेव्हा गावच्या पोरांसाठी एक वळकटी कायमची बाहेर राहू लागली. आईनं कुरकुर केली नाही असं नाही. पण आबांचं नाव निघालं की ती पिठात आणखी दोन मुठी टाकायची.

तरी अण्णांचं समाधान होईना. निवृत्तीचे पैसे आले त्या वर्षी ते हक्कसोडीचा कागद तयार करून गावी गेले. आपल्या वाट्याचं रान थोरल्याच्या नावावर. मी सोबत होतो. आबांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला, घडी घातली आणि अण्णांच्या खिशात परत कोंबला.

‘सरकारचा पगार खाल्ला, भावाचं रान न्हाय खायचं.’

‘दादा, तुमी मला त्या वक्ताला अडवलं नसतं तर...’

‘अडवलं ते माज्यासाठी. आईला त्वांड दाखवायला एक तरी नको का?’

तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं अण्णा स्वतःला ऋणको समजत होते आणि आबांच्या हिशेबात तसं काही नव्हतंच. मोर्च्यावर बसलेल्या माणसाला मागे कुणी तरी उरलंय, याचा भरवसा लागत असेल. तो भरवसा अण्णांनी नुसतं जिवंत राहून पुरवला होता. देणं दोन्ही बाजूंनी होतं, आणि दोघेही आपलीच बाजू धरून बसले होते.

आज तिघेही भाऊ नाहीत. अण्णांमागे वारसनोंदीसाठी मी गावी गेलो, तेव्हा ठरवून गेलो होतो की नाव लावायचं नाही. रान ज्यांनी कसलं त्यांचं. थोरली आई ओसरीवर शेंगा फोडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं.

‘म्हंजी मोकळा व्हनार तू?’

मी म्हटलं, तसं नव्हे, पण वडिलांची इच्छा...

‘नाव लाव गुमान. न्हाय तर तुज्या पोरास्नी हितं यायला कारन काय ऱ्हाईल?’

तलाठ्याकडे गेलो आणि नाव लावून आलो.