रात्री तीनचा भोंगा

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत फजरची अजान आता लाऊडस्पीकरवर होत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. हे आकडे आमच्याकडे नववीतल्या पोरांनाही पाठ आहेत. (परीक्षेत विचारत नाहीत, एवढंच.)

पण रात्री तीनला एखाद्या गाडीचा अलार्म कोकलतो, त्याचे डेसिबल कुणी मोजत नाही. चोर आला असेल म्हणून कुणी खिडकीही उघडत नाही. चोराचा हात आणि डंपरचा हादरा, सेन्सरला दोन्ही सारखेच.

गेल्या पावसाळ्यात सलग तीन रात्री मागच्या गल्लीत असा भोंगा वाजला. मी कानावर उशी दाबून गाडीच्या मालकाला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. काकांची बायपास होऊन जेमतेम आठवडा झाला होता. अवघडत म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण ती गाडी तुमची आहे."

वर्गात हमसायाचे हक्क शिकवणारा मी. काय बोलणार?

त्याच दुपारी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने सेन्सरचा स्क्रू थोडासा मागे फिरवला. दोन मिनिटांचं काम, पैसेही घेतले नाहीत.

संध्याकाळी काकांना भेटायला गेलो. काकूंनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. काका झोपले होते.