साडेबारा टक्के

दंगल असो वा गोळीबार, आधी विचारतात ते हेच: पहिला दगड कुणी मारला? पनवेल-उरण पट्ट्यात राहणाऱ्याला हा प्रश्न फार उशिराचा वाटतो. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई आणि नवघरला जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण गेले. पण ठिणगीसाठी सरपण रचायला 1970 पासूनच सुरुवात झाली होती. नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, 95 गावे नव्या शहराच्या नकाशात गेली आणि पिकत्या भातखाचरांचे भाव सरकारने ठरवले. आपल्याच बांधावर उभे राहून दुसऱ्याच्या प्लॉटची किंमत ऐकायची वेळ शेतकऱ्यावर आली. मिठागरातला मजूर, खाडीतला कोळी यांचे तर सातबारावर नावच नव्हते. मोबदला मागायचा कशाच्या आधारावर?

गरिबी माणसाला हिंसेकडे नेते, हे मला पूर्ण पटत नाही. अलिबागेजवळच्या चरीत 1933 पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, संप करून जमिनी पडीक ठेवल्या. पुढारी नारायण नागू पाटील. लोक लाकूडफाटा विकून जगले, पण संप शांततेत चालला. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी होते. 1937 साली त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पोट रिकामे होते, तरी आपले म्हणणे कुठेतरी पोचते आहे हे दिसत होते.

जासईत नेमके तेच दिसेना. तिथल्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील वकील, आमदार, खासदार राहिलेले. सनदशीर मार्गाने भांडायचे कसे हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. तरीही संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले ते पाच माणसे गेल्यावर, आणि नवी मुंबईसाठी शासन निर्णय निघाला 1990 साली. तत्त्व चांगलेच होते. पण निवेदन, मोर्चा, गोळीबार आणि मग निर्णय, या क्रमातून गावातल्या तरण्या पोराने काय शिकायचे?

निर्णयानंतरही वारस दाखले, पात्रता, हेलपाटे होतेच. कंटाळून अनेकांनी ‘फाईल’च विकली, प्लॉट बिल्डरच्या नावावर चढला, घरात भांडणे उरली. भाऊ भावाशी बोलेना, त्याचा हिशेब कुठल्याच चौकशी अहवालात येत नाही.

आता पनवेलच्या गावांत ‘नैना’च्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या, नगररचना योजनांवर हरकती घेतल्या जात आहेत. त्या अर्जांना लेखी उत्तर कोण आणि किती दिवसांत देतो, माझे लक्ष तिकडे आहे.