आंधळी चाल

शेळगांवीं पाडव्याच्या रात्रीं आमच्याकडे तीनपत्तीचा फड बसे. डावावर पैसे नसत, चिंचोके असत. जुगाराचा बट्टा घराण्यास लागूं नये एवढी दक्षता वडील मंडळी घेत. आमचा वाडगा मात्र सर्वांच्या आधीं रिकामा होई. पान चांगलें आलें कीं आमचा हात आपोआप चष्म्याकडे जातो, हें आम्हांस सोडून सर्वांस ठाऊक होतें!

आत्याबाईंचें मात्र कोणास कांहींच उमगत नसे. पहिल्या तीन-चार फेऱ्या त्या पानें पालथीं ठेवूनच खेळत. न पाहतां खेळणारास पाहणाराच्या निम्मे चिंचोके लागतात, हा लाभ उघडच आहे. पण स्वतःच न पाहिलेलें पान चेहऱ्यावर उमटणार कसें? तीन पानांचे एकंदर २२,१०० संच होतात आणि त्यांपैकीं १६,४४० संचांत जोडी, क्रम वा एक रंग यांतलें कांहींच नसतें. वाईट पानावरही अधूनमधून चाल वाढविली नाहीं, तर चांगल्या पानाची चाल कोणी स्वीकारीत नाहीं, असें फॉन नॉयमान व मॉर्गेनस्टर्न यांनीं १९४४ च्या ग्रंथांत पोकरवरून गणितानें मांडलें. आत्याबाईंस तें गणितावांचून साधलें होतें.

शेवटच्या दिवाळींतही त्या अशाच खेळल्या. मग भिंतीस टेकून बसल्या. आम्हीं विचारलें, "आत्याबाई, दमलांत वाटतें?"

"अरे, वय झालें," म्हणून त्यांनीं चिंचोके आवरले.

दुखणें त्यांस आषाढापासून ठाऊक होतें. आम्हांस तें कार्तिकाच्या अखेरीस डॉक्टरांकडून कळलें. त्यांचा वाडगा अद्याप फडताळांत आहे; परवां चिंचोके मोजले, एक्याऐंशी भरले.