तीन राज्यांच्या वेशीवरची कॉफी

नांदेडहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की ऐंशीएक किलोमीटरवर आमचं देगलूर येतं. थोडं पुढं गेलं की तेलंगण, दुसऱ्या अंगाला वळलं की कर्नाटक. बाजारात उभं राहिलं तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू अशा चारही भाषांत भाव करता येतो. आडनावाच्या शेवटी ‘वार’ लागणारी कितीतरी घरं इथं आहेत. दारात अस्सल मराठी आणि स्वयंपाकघरात तेलुगू!

हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा आम्ही मुंबई राज्यात आलो. पण आमच्याच तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं तिकडं आंध्रात गेली. आज ती तेलंगणात आहेत. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. लेकीसुना अजूनही इकडून तिकडं जातात आणि आपापल्या माहेरची चव बरोबर नेतात. आमच्या गावात खरी कॉफी आली ती अशीच, सुनांच्या पेटीतून.

एरवी हा मुलूख चहाचा. सकाळी उठल्यावर चहा, पाहुणा आला की चहा, एस. टी. स्टँडवर चहा. हैदराबादकडं तर इराणी चहाचंच राज्य! कॉफी आपल्या मराठी घरांत होते ती प्रसंगानं. उपासाच्या दिवशी, कोणी आजारी असलं तर, नाही तर रात्री जेवणानंतर पाहुणे बसले की. निम्मं दूध, निम्मं पाणी, भरपूर साखर, वेलदोडा आणि वर किसलेलं जायफळ. गंमत बघा, कॉफी माणसाला जागं ठेवते आणि जायफळानं झोप येते असं आपल्या आज्या सांगायच्या. दोन्ही एकाच कपात घालून आपण मोकळ्या! पण थंडीच्या रात्री त्या वासाला तोड नाही, हेही तितकंच खरं.

आमच्या शेजारच्या अक्कांचं माहेर विजयवाड्याकडचं. लग्नात आईनं त्यांना पितळेचा कॉफी फिल्टर दिला होता. इथं घर एकत्र, माणसं नऊ, आणि सगळी चहाची. मोठ्या पातेल्यात एकदाच चहा व्हायचा. अक्काही तोच घ्यायच्या. फिल्टर गेला माळ्यावर, तो बारा वर्षं तिथंच राहिला. “एकटीसाठी वेगळं दूध कुठं तापवायचं?” असं त्या म्हणायच्या. सासूबाईंनी कधी नको म्हटलं नव्हतं. पण कधी विचारलंही नव्हतं. शेवटी थोरली मुलगी बारावीला बसली, पहाटे अभ्यासाला उठू लागली, आणि तिनंच तो फिल्टर खाली काढून चिंचेनं लख्ख घासला. आता त्या घरात पहाटे पाचला कॉफीचा वास सुटतो, आणि सासूबाईही “जराशी मला दे गं” म्हणून पेला पुढं करतात.

मैत्रिणींनो, अशी एखादी कॉफीवाली आपल्या घरातही असेल. सून असेल, जाऊ असेल, कदाचित आपण स्वतःच असू. तिच्यासाठी फार काही करावं लागत नाही. थोडी माहिती मात्र हवी.

कॉफीच्या बियांच्या मुख्य जाती दोन. अरेबिका उंच डोंगरावर, थंड हवेत होते; तिला सुवास जास्त, कडूपणा कमी. रोबस्टा त्यामानानं खालच्या भागात होते; ती कडक, दाट आणि तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट. पीबेरी ही वेगळी जात नव्हे. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. कधी एकच गोल बी धरते, ती पीबेरी. ती वेगळी निवडतात म्हणून महाग. पुष्कळ कॉफीवाले पीबेरीची आणि अरेबिकाची शपथ घेतात. दुधाची दाट कॉफी आवडणाऱ्यांना थोडी रोबस्टा मिसळलेली बरी लागते.

आपल्याकडं कॉफी सर्वांत जास्त पिकते ती कर्नाटकात: कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन भागात. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संतांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगरांना आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. आंध्रात अरकू खोऱ्यातले आदिवासी शेतकरी मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी लावतात आणि त्याच झाडांवर मिऱ्याचे वेल चढवतात. चिक्कमगळूर आणि अरकू, दोन्ही अरेबिकांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि हो, महाराष्ट्रही अगदीच कोरडा नाही. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत!

पावडर घेताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ पाकिटांत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिनं रंग गडद येतो, डिकाशन दाट होतं, पण तिच्यात कॅफिन नसतं. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलं पाहिजे, असा नियम आहे. चिकोरी वाईट नाही. वीस टक्क्यांपर्यंत छान लागते. पण कॉफीच्या भावानं मूळ विकत घेऊ नये, एवढंच! आमच्या गावातल्या घरांत पावडर येते ती हैदराबादला कोणी गेलं की, किंवा उदगीरवरून जाणाऱ्या नांदेड–बेंगळुरू गाडीनं मुलंबाळं आली की. पंधरा दिवस पुरेल एवढीच घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

आता अक्कांची कृती. फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पावडर घालून चकतीनं हलकी दाबावी. कपभर पाणी उकळवून, अर्धा मिनिट थांबून, हळूहळू गोल ओतावं. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं हात लावू नये. खाली जमेल ते डिकाशन तीन कपांना पुरतं. दूध ताजं, कडकडीत तापलेलं हवं. डिकाशन मात्र कधीच उकळू नये, चव कडवट होते. म्हशीच्या दाट दुधात थोडं पाणी घालावं. देवणी गाईचं दूध मिळालं तर उत्तमच. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, पातेल्याला पांढरा थर धरणारं. त्यात कॉफी निस्तेज होते, म्हणून प्यायचं गाळलेलं पाणी वापरावं. रात्री झोपताना फिल्टर लावून ठेवला की सकाळी वेगळं काम उरत नाही. चहाच्याच दुधातलं कपभर दूध बाजूला काढायचं, झालं!

फिल्टर नसेल तरी अडत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून पावडर घालावी, पाच मिनिटं झाकून ठेवावी आणि स्वच्छ सुती फडक्यातून गाळावी. जायफळ हवंच असेल तर कपात वरून चिमूटभर किसावं, उकळू नये.

एक काळजी मात्र घ्या. चहा असो की कॉफी, जेवणाबरोबर घेतली की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. आपल्या बायकांत रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं, म्हणून जेवणानंतर तासभर थांबावं. गरोदरपणी कॉफी बेतानंच, डॉक्टरांना विचारून घ्यावी. लहान मुलांना तर नकोच.

कधी देगलूरला आलात तर जवळच होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत, ती जरूर बघा. सिद्धेश्वराच्या देवळावरच्या मूर्ती बघत अर्धा दिवस सहज जातो. परत गावात आलात की घरोघर चहाच पुढं येईल. कॉफी हवी असेल तर तसं सांगा. आमच्याकडं आता विचारलं की मिळते.