जाळलेला पास

आमच्या पासलीत कुणी रहिवासाचा पुरावा मागितला, तर आम्ही पणजोबांच्या नावाचा सातबारा काढून दाखवतो. कागद हरवला तरी तलाठ्याच्या दप्तरात नाव असतंच. वेल्ह्याच्या डोंगरातली भातखाचरं कितीशी पिकणार, पण हा आधार जन्मापासून पाठीशी. तो सगळ्यांनाच असतो असं मी धरून चाललो आणि तसाच सोलापुरात एका वस्तीतल्या कामाला लागलो.

तिथल्या सेटलमेंटमध्ये पूर्वी इंग्रजांच्या कायद्यानं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती तारेच्या कुंपणात ठेवल्या होत्या. गिरणीत काम, हजेरी, बाहेर जायचं तर पास. मुंबई प्रांतानं 1949 साली तो कायदा रद्द केला. देशभरातून तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कुंपण निघालं, पण आत वाढलेल्या माणसांनी आपलं गाव कोणतं सांगायचं? पुढे गिरण्याही बंद पडल्या.

2006 च्या विमुक्ती दिनाला, त्याच 31 ऑगस्टला, मी त्यांच्या वस्तीत सांगितलं, गुलामीच्या खुणा घरात ठेवू नका, आणा, त्यांची होळी करू. एका आजींनी ट्रंकेतून सासऱ्यांचा पास आणला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यावर नाव, जात, सेटलमेंटचा शिक्का. “टाकू ना रे बाळा?” त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

दोन वर्षांनी त्यांची नात बारावी झाली. पुढच्या प्रवेशाला लागणाऱ्या विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. मी ते आधी माहीत करून घ्यायला हवं होतं. त्या घरात ना जमीन, ना आजोबांचा शाळेचा दाखला. होता तो एक पास, आणि तो मी जाळायला लावला होता.

बंद गिरणीच्या फाटकापासून जुन्या शाळांच्या रजिस्टरांपर्यंत सात महिने फिरलो. शेवटी एका चुलत आजोबांचं नाव सापडलं, वंशावळ जोडली, दाखला निघाला. तोवर प्रवेशाची मुदत गेली होती. पोरगी ते वर्ष विड्या वळत होती.

आता कुठल्याही घरी गेलो की आधी जुने कागद पाहतो, झेरॉक्स काढतो आणि मूळ कागद त्यांच्याच हाती देतो.

आजींना मी फार उशिरा विचारलं, तेव्हा दोनदा का विचारलंत? त्या म्हणाल्या, “सासरे सांगून गेले होते, हा कागद जप. सायेब कधी विचारंल, नेम नाही.”