वेबर नदीच्या काठी एक फेक

सॉल्ट लेक शहराहून उत्तरेकडे निघालेली लोकलगाडी ऑग्डेनपर्यंत येते, तेव्हा प्रवाशाच्या उजव्या हाताला वासॅच पर्वताची भिंत सारखी सोबत असते. अमेरिकेच्या युटा राज्यातले हे गाव मोठे नाही. पण जे आहे ते रेल्वेने घडवलेले आहे. १० मे १८६९ रोजी प्रॉमॉन्टरी येथे पूर्वेकडून आलेले आणि पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांना मिळाले आणि अमेरिका खंड प्रथमच लोहमार्गाने जोडला गेला. त्यानंतर या दोन मार्गांचे जंक्शन ऑग्डेनला आले. माल येथे उतरे, येथून चढे. मनमाड किंवा मिरज ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशा गावाचा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. स्थानकासमोरचा पंचविसावा रस्ता एके काळी दारूच्या गुत्त्यांसाठी कुप्रसिद्ध होता. आज त्याच जुन्या विटांच्या इमारतींत दुकाने आणि खाणावळी आहेत.

प्रवासी बहुधा या रस्त्यावरूनच परततात. स्थानकाच्या पाठीमागे, रुळांच्या पलीकडे, वेबर नदीच्या काठी झाडांत दडलेल्या लाकडी कोटाकडे फारसे कुणी वळत नाही. त्याचे नाव फोर्ट बुएनाव्हेंचुरा. १८४६ साली माइल्स गुडइयर नावाच्या फासेपारध्याने तो उभारला. आज दिसतो तो मूळ कोट नव्हे, नंतर केलेली प्रतिकृती आहे. जागा मात्र त्या व्यवसायाचीच आहे. व्यवसाय होता बीव्हरच्या कातड्यांचा. नदीनाल्यांवर लाकडांचे बांध घालून कुटुंबाने राहणारा हा निरुपद्रवी प्राणी. त्याच्या दाट आतल्या लवेपासून युरोपातल्या प्रतिष्ठितांच्या टोप्या बनत. लंडनमध्ये कुणी सभ्य गृहस्थ टोपी काढून अभिवादन करी, आणि त्यासाठी हजारो मैलांवरच्या एखाद्या ओढ्यात सापळा मिटे. टोपी घालणाऱ्याने सापळा कधी पाहिलेलाही नसे. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद ज्यांना लहानपणापासून शिकवलेला असतो, त्यांना या व्यापाराचा हिशेब चटकन मांडता येईल. पुढे रेशमी टोप्यांची चाल आली आणि बीव्हरला जरा उसंत मिळाली. रेशमाच्या किड्यांच्या वाट्याला काय आले, ते वेगळे सांगायला नको.

गुडइयरचा कोट फार दिवस त्याच्याकडे राहिला नाही. पुढच्याच वर्षी मॉर्मन वसाहतकारांचा एक प्रमुख जेम्स ब्राउन याने तो सुमारे दोन हजार डॉलरना विकत घेतला. तेथून वस्ती वाढली आणि तिचे ऑग्डेन झाले. हे नावही हडसन बे कंपनीच्या एका कातडी-व्यापाऱ्याचेच, पीटर स्कीन ऑग्डेन याचे.

आता या कोटाभोवती उद्यान आहे. झाडांच्या अधूनमधून लोखंडी खांब रोवलेले दिसतात. प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून साखळ्या लोंबतात आणि त्यांच्याखाली जाळीची टोपली असते. हे डिस्क गोल्फचे मैदान. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खड्ड्यात घालतात. येथे प्लॅस्टिकची चकती हाताने फेकून टोपलीत घालायची. ठरलेल्या जागेपासून सुरुवात करायची, चकती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकायचे, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. चकती साखळ्यांवर आदळते, खणखणाट होतो आणि ती खाली टोपलीत पडते. अशा अठरा टोपल्या पुऱ्या झाल्या की एक फेरी होते.

हा खेळ वयाने लहान आहे. पहिले रीतसर मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियात झाले. ते आखणारे एड हेड्रिक फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेले गृहस्थ होते. साखळ्यांची टोपलीही त्यांनीच शोधली आणि १९७६ साली खेळाची व्यावसायिक संघटनाही त्यांनीच स्थापन केली. २००२ साली ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही चकत्या ओतण्यात आल्या. देहाची आसक्ती म्हणावी की खेळाची, हा प्रश्न वाचकांवर सोडलेला बरा.

या खेळाची मैदाने बहुतेक सार्वजनिक उद्यानांत असतात आणि पुष्कळ ठिकाणी खेळायला पैसेही पडत नाहीत. एक चकती विकत घेतली की माणूस खेळाडू. म्हणून स्पर्धेला जमणारी गर्दीही निराळी असते. दोरीच्या पलीकडे उभ्या असलेल्यांपैकी पुष्कळ जण आदल्या आठवड्यात आपापल्या गावी हीच फेक करून चुकलेले असतात. तिच्यातली अडचण त्यांना मनगटाने ठाऊक असते. खेळाडू फेकीला उभा राहिला की सारे आपोआप गप्प होतात. चकती सुटली की कुजबुज आणि साखळी वाजली की टाळ्या, असा त्यांचा क्रम.

ऑग्डेनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा खरे तर २०२० साली व्हायची होती. महामारीमुळे ती रद्द झाली आणि २०२१ च्या जूनमध्ये, २२ ते २६ या तारखांना, भरली. दोन वर्षांत अजिंक्यवीर ठरलेला नव्हता. लोकही वर्षभर घरात कोंडलेले होते. त्या उन्हाळ्यात मोकळ्या हवेत शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणे ही साधी गोष्टही पुष्कळांना नवी वाटत होती. शेवटच्या दिवशी महिलांत कॅट्रिना ॲलन दुसऱ्यांदा अजिंक्य ठरली. पुरुषांचा निकाल फोर्ट बुएनाव्हेंचुराच्या अठराव्या टोपलीपाशी लागायचा होता.

पुढे होता पॉल मॅकबेथ. तोवर पाच वेळा जगज्जेता झालेला हा कॅलिफोर्नियाचा खेळाडू. त्याच वर्षाच्या आरंभी डिस्क्राफ्ट या चकती बनवणाऱ्या कंपनीने त्याच्याशी दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार केला होता. ज्या खेळातले बरेच व्यावसायिक जुन्या व्हॅनमध्ये झोपून गावोगाव फिरत, त्या खेळात ही रक्कम ऐकून लोक थक्क झाले होते. त्याच्या मागे, केवळ एका फेकीने, जेम्स कॉनराड. व्हर्जिनिया राज्यातला, उंच, सडपातळ, लांब केसांचा आणि दाढीचा. त्यानेही त्याच वर्षी कंपनी बदलली होती. मिशिगन राज्यातली त्याची नवी कंपनी दोन भावांनी सुरू केलेली होती. चकतीचा मधला भाग एका प्लॅस्टिकचा आणि कडा दुसऱ्या, जड प्लॅस्टिकची, हे त्यांचे वैशिष्ट्य. वजन कडेकडे गेले की फिरकी अधिक टिकते, असे त्यामागचे गणित. डिस्क्राफ्टही मिशिगनचीच. म्हणजे युटातल्या त्या टोपलीपाशी एका राज्यातल्या दोन पेढ्यांचा मालही समोरासमोर उभा होता.

शेवटच्या टोपलीवर कॉनराडची चकती २४७ फूट दूर पडलेली होती. मीटरमध्ये पंचाहत्तर. तेथून टोपलीजवळ फेक टाकणे हे चांगल्या खेळाडूचे काम. पण जवळ टाकून भागणार नव्हते. ती सरळ साखळ्यांतच जायला हवी होती. गर्दीतल्या जाणत्यांनी मनातल्या मनात निकाल लिहून टाकलेला असणार. काहींनी फोन उंच धरले होते, ते बहुधा मॅकबेथचा विजय टिपण्यासाठी.

कॉनराडने फेक केली. चकती वळण घेत टोपलीकडे आली आणि साखळ्यांत शिरली.

त्यानंतरचे काही क्षण चित्रफितींत आहेत. मुख्य कॅमेऱ्याने टिपलेले आहेत आणि दोरीपाशी उभ्या असलेल्या सामान्य प्रेक्षकांच्या फोनांनीही. दुसऱ्या प्रकारच्या फिती अधिक पाहण्याजोग्या आहेत, कारण त्यांत चित्र धड दिसत नाही. फोन हातातून निसटल्यासारखा हलतो. आभाळ, गवत, कुणाची टोपी, पुन्हा आभाळ. शब्द ऐकू येत नाहीत, नुसता नाद येतो. अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारतात. कुणी डोके धरून उभे, कुणी गोल फिरणारे. समालोचक, ज्यांचा धंदाच बोलण्याचा, तेही ओरडण्यापलीकडे काही करू शकले नाहीत. चाहत्यांनी त्या फेकीला नाव दिले 'होली शॉट'. इंग्रजीतल्या एका ग्राम्य उद्गारावरचा तो श्लेष आहे आणि 'पवित्र फेक' असाही त्याचा अर्थ निघतो. फेकणाऱ्याची दाढी आणि केस पाहून दुसरा अर्थ अनेकांना जवळचा वाटला असावा. ज्यांनी डिस्क गोल्फचे नावही ऐकले नव्हते, अशा लाखो लोकांपर्यंत ती चित्रफीत पोहोचली. मोठ्या क्रीडावाहिन्यांनीही ती दाखवली.

गर्दीत मॅकबेथचे चाहते पुष्कळ होते. पाच वेळच्या विजेत्याला असतातच. त्यांचा माणूस क्षणापूर्वी जगज्जेता होता आणि आता नव्हता. तरी त्या आरोळीत वेगळा काढता येईल असा निराशेचा सूर नाही. कुस्तीच्या फडात एखादा अनपेक्षित डाव पडतो तेव्हा दोन्ही तालमींचे लोक एकदम उभे राहतात, तशी काहीशी ती आरोळी होती. पक्ष नंतर आठवतो. जैन घरांत ज्या चार भावनांचे चिंतन सांगितले जाते, त्यांत मैत्रीनंतर प्रमोद येतो: आपल्याहून गुणाने अधिक असलेल्याला पाहून होणारा आनंद. वाचताना सोपी वाटणारी ही भावना बाजारात मात्र अवघड असते. समोरच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलेले पाहून किती जणांना प्रमोद होतो? त्या नदीकाठी ती कुणाच्याही उपदेशावाचून, क्षणभर का होईना, शेकडो जणांना एकदम झाली. म्हणजे ती माणसाच्या ठिकाणी असते. नेहमी वर येत नाही, इतकेच.

पण आनंदाच्या त्या गोलाच्या मधोमध एक माणूस उभा होता आणि त्या आरोळीचा अर्थ त्याला सर्वांत आधी कळला होता. हा हिशेबही मांडायला हवा. गर्दी कुणाचे वाईट चिंतीत नव्हती, हे खरे. तरीही लोक नाचत होते ते मॅकबेथच्या हातून निसटलेल्या गोष्टीभोवती. चित्रफितींखाली उमटलेल्या हजारो उद्गारांत त्याची आठवण करणारे थोडेच. ते बहुधा एकच गोष्ट सांगतात: त्या कल्लोळात त्याने आपली राहिलेली फेक पुरी केली. ती चुकली असती तर जादा फेरीची गरजच उरली नसती. चित्त स्थिर ठेवणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर सारे जण पाहतात त्या फेकीच्या पुढचे दृश्य पाहावे. साखळ्या पुन्हा वाजल्या, पण त्यांच्यासाठी कुणी फोन उंचावला नाही.

बरोबरी झाली. जादा फेरी सुरू झाली आणि पहिल्याच टोपलीवर कॉनराड जिंकला. ते त्याचे पहिले जागतिक अजिंक्यपद. पहिल्या आरोळीत लोकांनी सगळा श्वास आधीच खर्च केला होता. खुद्द विजयाच्या वेळचा जल्लोष त्यामानाने साधाच म्हणावा लागेल. आजही कुणाला विचारावे तर तो २४७ फुटांची फेक सांगेल. स्पर्धा नेमकी कोणत्या फेकीने जिंकली गेली, हे सांगणारे कमी.

२०२२ साली हीच स्पर्धा कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया येथे झाली. ते गाव प्रेअरीच्या सपाट गवताळ मुलखातले. तेथेही अठरा टोपल्या संपल्या तेव्हा दोघे बरोबरीत होते: मॅकबेथ आणि त्याच्या मानाने नवखा ॲरन गॉसेज. पुन्हा जादा फेरी, पुन्हा दोरीपाशी श्वास रोखलेली गर्दी. या वेळी मॅकबेथ जिंकला आणि सहाव्यांदा जगज्जेता झाला. टाळ्या भरपूर पडल्या, पण त्या विजयाला चाहत्यांत रूढ झालेले असे कोणतेही खास नाव मिळाले नाही.

ऑग्डेनच्या कोटाजवळचे मैदान अजून आहे. स्पर्धेच्या दोऱ्या, कॅमेरे आणि तंबू केव्हाच गेले. उन्हाळ्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी तेथे फार माणसे नसतात. नदी बाजूने वाहते, रुळांवरून मालगाडीचा आवाज येतो. पाठीला पिशवी अडकवलेले दोघे-तिघे खेळत खेळत अठराव्या टोपलीपर्यंत येतात, तेव्हा त्यांतला एक जण आपली पडलेली चकती सोडून मुद्दाम मागे जातो, अंदाजाने पंचाहत्तर मीटर मोजतो आणि तेथून एक फेकून पाहतो.